गोटी सोडा आणि प्लॅस्टिकचा रस

गोटी सोड्याची बाटली आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी अंगठ्याने फोडली असेल. गोटी आत दडपताच फस्स असा आवाज होतो आणि इतका वेळ नितळ दिसणारे पाणी एकदम फेसाळते. कर्बाम्लवायू, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड, पाण्यात होताच. त्याला धरून ठेवणारा दाब तेवढा सुटला. हाच वायू वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये विरघळविला तर काय होते, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

त्याचे मूळ बेलफास्टला सापडते. तेथील क्वीन्स कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँड्र्यूज यांनी बारीक काचनळीत हा वायू कोंडून त्यावरील दाब वाढवीत नेला. सुमारे ३१ अंश सेंटिग्रेडच्या खाली त्याचा द्रव होई. त्याच्या वर मात्र कितीही दाबले तरी वायू आणि द्रव यांमधील सीमाच दिसेना. १८६९ साली रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात त्यांनी हे मांडले. या अवस्थेत वायू द्रवासारखा दाट होतो, पण वायूसारखा कोठेही शिरतो.

आता प्लॅस्टिककडे वळू. त्याचे रेणू म्हणजे गुंतलेल्या सुतासारख्या लांबच लांब साखळ्या. वितळल्यावरही त्यांची गुंतागुंत सुटत नाही. म्हणून तो रस साच्यात ढकलावयास प्रचंड जोर लागतो. अधिक तापविला तर पातळ होतो खरा, पण फार तापविल्यास साखळ्याच तुटू लागतात. द्रवाचे वाहणे रेणूंमधील मोकळ्या जागेवर अवलंबून असते, असे डूलिटल यांनी १९५१ साली दाखविले, आणि १९५५ मध्ये विल्यम्स, लँडेल व फेरी यांनी तोच विचार या साखळ्यांना लावला. कर्बाम्लवायूचा इवलासा रेणू नेमकी ही जागा वाढवितो, आणि उष्णता न वाढविता रस सैल होतो.

परंतु तो किती सैल होतो, हे मोजावे कसे? सामान्य उपकरणात रस नळीतून उघड्या हवेत पडतो. दाब सरताच वायू सुटतो आणि हाती उरतो फेस. शिवाय दाब स्वतः रसाला घट्ट करतो, तर त्याच दाबाने आत शिरलेला वायू त्याला पातळ करतो. (आम्हां कचेरीतल्या माणसांना अशी परस्परविरोधी परिपत्रके अपरिचित नाहीत!) डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील मॅन्के, गुलारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीच्या बाहेरच्या तोंडाशीही दाब राखून ही अडचण सोडविली. १९९७ साली सिलिकोनवर आणि १९९९ साली पॉलिस्टायरीनवर त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वायूमुळे श्यानता पुष्कळ घटते, पण तिच्या आलेखाचा आकार बदलत नाही. तो नुसता सरकतो. त्यामुळे थोड्या मापनांवरून बाकीचा अंदाज बांधता येतो.

हे कुतूहल केवळ विद्वानांचे नव्हते. पॉलिस्टायरीनचा फेस करण्यासाठी वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन द्रव्ये ओझोनचा थर विरळ करीत होती. १९८७ च्या माँट्रियल करारात त्यांवर नियंत्रण आले. निव्वळ कर्बाम्लवायूने पॉलिस्टायरीनचा फेस करण्याच्या पद्धतीबद्दल डाऊ कंपनीला १९९६ साली अमेरिकेत हरित रसायनाचे पारितोषिक मिळाले. त्या यंत्राच्या तोंडाशी सोड्याच्या बाटलीचाच प्रकार घडतो. मात्र येथे वायू बुडबुड्यांत निघून जाताच उरलेला रस पुन्हा घट्ट होऊ लागतो, आणि निवता निवता बुडबुड्यांच्या भिंती फुटण्याआधीच कडक होतात.