ज्येष्ठांसाठी सजगता साधना

सजगता साधना (रूढ नाव माइंडफुलनेस) म्हणजे श्वास, शरीरातील संवेदना आणि मनात येणारे विचार यांकडे, त्यांना बरेवाईट न ठरवता, लक्ष देण्याचा सराव. उतारवयातील चिंता, नैराश्य, निद्रानाश आणि विसराळूपणा यांसाठी हा सराव सुचवला जातो. पहिल्या तिन्हींबाबत त्याचा काही प्रमाणात उपयोग दिसून आला आहे. स्मरणशक्ती वाढते हा दावा मात्र मोठ्या चाचण्यांत टिकलेला नाही.

उगम व स्वरूप

या साधनेचे मूळ बौद्ध परंपरेतील 'सति' या पाली संज्ञेत आहे. तिचे संस्कृत रूप 'स्मृति' असले, तरी येथे आठवण्यापेक्षा अवधान हा अर्थ प्रधान आहे. महाराष्ट्रात इगतपुरी येथील विपश्यना शिबिरांमुळे याच परंपरेतील साधना परिचित आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला धर्मनिरपेक्ष रूप दिले. हा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असून त्यात साप्ताहिक वर्ग, घरचा दैनंदिन सराव आणि मौनाचा एक दिवस असतो. मांडी घालून बसण्याची अट नाही; गुडघेदुखी असल्यास खुर्चीवर बसून किंवा पडूनही सराव करता येतो.

संशोधन

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४९ व्यक्तींच्या एका लहान अमेरिकी चाचणीत, झोपेच्या सवयींविषयी केवळ माहिती मिळालेल्या गटापेक्षा सजगता शिकलेल्या ज्येष्ठांची झोप अधिक सुधारली. स्मरणशक्तीबाबतची महत्त्वाची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. विसराळूपणाची तक्रार असलेल्या, परंतु स्मृतिभ्रंश नसलेल्या ६५ ते ८४ वयाच्या ५८५ व्यक्तींना सजगता, व्यायाम, दोन्ही किंवा केवळ आरोग्यशिक्षण अशा चार गटांत विभागले होते. सजगता वा व्यायाम यांमुळे स्मृती किंवा नियोजनक्षमता लक्षणीय सुधारल्याचे आढळले नाही. त्याच वर्षी फ्रान्समधील एका चाचणीत अठरा महिन्यांच्या ध्यानानंतरही मेंदूच्या तपासलेल्या भागांच्या आकारमानात अपेक्षित फरक दिसला नाही. 'ध्यानाने मेंदू तरुण होतो' अशी विधाने म्हणूनच अतिशयोक्त ठरतात.

मर्यादा

काहींना सरावादरम्यान अस्वस्थता वाढल्याचा किंवा जुन्या दुःखद आठवणी उफाळून आल्याचा अनुभव येतो. तीव्र मानसिक आजार असल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय दीर्घ मौनशिबिर करू नये. विसराळूपणामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा चालू औषधे अशी उपचारयोग्य कारणेही असू शकतात. त्यामुळे साधना सुरू केली म्हणून वैद्यकीय तपासणी लांबवणे अयोग्य ठरते.