कसारा घाट, सकाळी ७.३१

गाडी आणि माणसे कल्पित आहेत. धातू, दाब आणि चुका खऱ्या. ठाण्याच्या खोपटमधल्या एका गॅरेजात चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन उघडले आहे. रविवारी सकाळी ७.३१ ला ते कसारा घाटात कायमचे मोडेल.

शनिवार, दुपारी १२.२०
हेड उतरते. जुने गास्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये काळे पडले आहे. बूस्ट १ बारवरून १.४ बारवर नेल्यापासून जळता वायू तिथून वाट काढत होता.

दुपारी १.१०
मालक साधे कंपोझिट गास्केट नाकारतो आणि पोलादी पत्र्यांच्या थरांचे एमएलएस घेतो. निवड बरोबर आहे. वाढलेल्या दाबाला तेच टिकते. पण त्याला खाली-वर दोन्ही फेस सपाट आणि गुळगुळीत लागतात. खोलगट जागा ते भरून काढत नाही.

दुपारी २.४५
हेड फेस मारून आले आहे. ब्लॉकवर पट्टी ठेवून फिलर गेज सरकवला जातो. मर्यादा ०.०५ मिमी. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये ०.०८ ची पाती आत जाते. ब्लॉक फेस करायचा तर पूर्ण इंजिन उतरवावे लागेल, चार दिवस जातील. “०.०३ चा तर फरक आहे,” मालक म्हणतो. मिस्त्री पाती पुसून ठेवतो.

दुपारी ४.३०
दहा हेड बोल्ट. हे ताणून बसणारे, एकदाच वापरायचे. नवा संच सोमवारी मिळणार. जुनेच तारेच्या ब्रशने घासले जातात. त्यांची लांबी कुणी मोजत नाही.

सायंकाळी ५.५०
बोल्टच्या भोकांत हवा मारली जाते. तिसऱ्या सिलिंडरजवळच्या एका भोकाच्या तळाशी कूलंट राहते.

सायंकाळी ६.१५
आवळणी मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने. आधी ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश. ओल्या भोकात टॉर्क पाना लवकरच ‘कट’ वाजतो: बोल्टचा जोर कूलंटवर पडला आहे, हेडवर नाही. शेजारचा बोल्ट शेवटच्या फेरीत हलका फिरतो. तो ताणून संपला आहे. पोऱ्या थांबतो.
“लागला ना?”
“लागला, उस्ताद.”

रात्री ८.४०
इंजिन सुरू. फॅन लागतो, बंद होतो. गळती नाही. आयडलला दाब कमी असतो. त्याला अपुरी पकडही पुरते.

रविवार, पहाटे ५.०५
इंजिन थंड. बाटलीत कूलंट दोन बोटे खाली. हवा निघाली असेल, असे मानून भरले जाते. सुरू केल्यावर दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होस कडक होतो. एवढ्यात पाणी तापत नाही. तो सिलिंडरमधला दाब आहे. होसला कुणी हात लावत नाही.

सकाळी ६.५०
कसारा घाट. तिसरा गिअर, ४,५०० आरपीएम. ८१ मिमी बोअरमध्ये दाब १०० बारला पोचला, की हेडला वर ढकलणारा जोर सव्वापाच टनांचा होतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये, मिनिटाला २,२५० वेळा.

सकाळी ६.५६
टेम्परेचरचा काटा चढतो आणि अचानक खाली येतो. इंजिन निवले नाही. वायूने कूलंट बाहेर फेकले आहे. सेन्सरभोवती पाणीच उरलेले नाही. काटा खाली आला म्हणून गाडी चालत राहते.

सकाळी ७.०२
मागून पांढरा धूर. इंजिन मिस मारते. गाडी कडेला थांबते.

सकाळी ७.२८
दोन लिटर पाणी ओतले जाते. उडालेल्या गास्केटमधून ते तिसऱ्या सिलिंडरमध्ये उतरते.

सकाळी ७.३१
किल्ली फिरते. बाकीची सिलिंडर पेट घेतात, तिसरा पिस्टन वर येतो. पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

७.०२ ला गाडी टोचन करून आणली असती, तर नुकसान हेड, गास्केट आणि बोल्टांवर थांबले असते. ५.०५ ला होस दाबून पाहिला असता, तर हेडही वाचले असते. शनिवारी २.४५ ला पातीचे ऐकले असते, तर फक्त चार दिवस गेले असते.