बांधण्याआधी घरात फिरणे

गेम इंजिनातून, म्हणजे खेळातली दृश्ये क्षणोक्षणी रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, इमारती दाखवण्याचा व्यवसाय २०१४ नंतर फोफावला, पण त्यामागची तंत्रे खेळांसाठी जन्मलेली नव्हती. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांच्या गटाने १९८०च्या दशकात सिटरसन हॉल या नियोजित इमारतीचे संगणकीय प्रारूप आराखड्यांवरून तयार केले. त्यात फिरताना प्रवेशदालनातल्या एका आडभिंतीमुळे जागा कोंदट होते, हे स्पष्ट दिसले. नकाशा पाहून वास्तुविशारदांना ते पटत नव्हते; पडद्यावर पाहिल्यावर त्यांनी भिंत हलवली. या कलेचे खरे मोल तिथेच सिद्ध झाले.

अडचण वेगाची होती. दर पावलाला नवे चित्र लागते आणि अख्खी इमारत प्रत्येक वेळी रेखाटणे तेव्हाच्या यंत्रांना झेपत नसे. बर्कलीत सेथ टेलर आणि कार्लो सेकान यांनी १९९१ मध्ये त्यावर तोड काढली: कोणत्या खोलीतून दारे-खिडक्यांवाटे दुसऱ्या कोणत्या खोल्या दिसू शकतात, हे आधीच मोजून ठेवायचे आणि तेवढेच रेखाटायचे. प्रकाशाचा प्रश्न कॉर्नेल विद्यापीठात १९८४ मध्येच हाती घेतला गेला होता. लाल भिंतीवरून परतलेला उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर तांबूस झाक आणतो. रेडिओसिटी ही पद्धत हे परावर्तन मोजते. हिशोब लांबलचक, पण असा विखुरलेला उजेड बघणाऱ्याच्या जागेनुसार बदलत नाही. म्हणून एकदा मोजला की कुठूनही पाहिले तरी चालतो.

हे दोन्ही धागे खेळांनी उचलले. ‘क्वेक’मध्ये (१९९६) दृश्यतेचा पूर्वहिशोब आला, ‘क्वेक २’मध्ये (१९९७) रेडिओसिटी. खेळणाऱ्यांच्या मागणीने ग्राफिक्स कार्डे स्वस्त आणि दमदार झाली. वास्तुचित्रणाचा धंदा मात्र थ्रीडीएस मॅक्स हे प्रारूपे घडवणारे सॉफ्टवेअर आणि त्यांची चित्रे काढणारे व्ही-रे यांवर चालत राहिला. तिथे एकेका चित्राला कित्येकदा तासन्‌तास लागत आणि गिऱ्हाइकाने फरशीचा रंग बदलायला सांगितला की रेंडर, म्हणजे चित्राचा सगळा हिशोब, पुन्हा लावावा लागे.

अनरिअल इंजिन ४ हे गेम इंजिन २०१४ मध्ये महिना १९ डॉलरला आणि २०१५ मध्ये मोफत मिळू लागले. मग एकट्यादुकट्या कलाकारांनीही उन्हाने भरलेल्या, हवे तसे फिरता येईल अशा सदनिका उभ्या केल्या. फरशी आता क्षणात बदले. पण उजेड आधीच ‘बेक’ केलेला, म्हणजे मोजून साठवलेला, असल्याने खिडकी सरकवली की तो सगळा हिशोब नव्याने करावा लागे. प्रकाशकिरणांचा माग तत्काळ काढणारी आरटीएक्स ग्राफिक्स कार्डे २०१८ मध्ये आली. २०२२ च्या अनरिअल इंजिन ५ मधील ल्युमेन प्रणाली परावर्तित उजेड चालता-चालता मोजते. खिडकी सरकली की खोलीभर पसरलेले ऊनही सरकते. या वेगासाठी ल्युमेन हिशोबात काटछाट करते. म्हणून काच आणि आरशांच्या बारकाव्यांची स्थिरचित्रे अनेक कार्यालये अजूनही व्ही-रेमध्येच काढतात.