640 किलोहर्ट्झ

पाय जरा जपून टाका. खाली जमीन नाही, फळ्या आहेत. चिखलावर आणि पाणथळ गवतावर टाकलेल्या लाकडी फळ्यांची ही पायवाट हाच या गावचा रस्ता. गावाचं नाव किपनुक, म्हणजे वळण. नदी इथं वळते म्हणून. बेरिंग समुद्र इथून सहा-सात किलोमीटरवर आहे. मे 1971. रात्रीचे दहा वाजलेत आणि अजून लख्ख उजेड आहे.

तुम्ही अलास्काच्या नैर्ऋत्येला आला आहात, युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांच्या मुखाशी पसरलेल्या सपाट प्रदेशात. इथं पन्नासच्या वर गावं आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या सडका जवळपास नाहीतच. हिवाळ्यात नद्या गोठल्या की बर्फावरून घसरगाड्या धावतात, उन्हाळ्यात होड्या. मेचे हे दोन-तीन आठवडे मात्र अवघड. बर्फ चालायला कच्चा, होडी घालायला पक्का. नदीच्या बर्फावर उतरणारी छोटी विमानंही या दिवसांत उतरत नाहीत. शेजारच्या गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे कळायचं म्हणजे पाणी मोकळं होईपर्यंत थांबायचं.

घरात या. लाकडी टेबलावर ट्रान्झिस्टर आहे. आजी चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीनं, उलुआकनं, सीलचं मांस कापते आहे. तिला युपिक येते, इंग्रजी येत नाही. आजवर या डब्यातून रात्री-अपरात्री लांबची केंद्रं लागायची, ती इंग्रजीतली. नातवंडं ऐकायची, आजीसाठी ती नुसती खरखर. आज बेथेल गावातून नवं केंद्र लागलंय. मध्यम लहरी, 640 किलोहर्ट्झ. आणि आतून कुणीतरी युपिकमध्ये बोलतंय.

आजी सुरी खाली ठेवते आणि आवाज वाढवते. बॅटरी जपायची असते, हे ती विसरली आहे.

केंद्राचं नाव के-वाय-यू-के. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या केंद्रांची नावं ‘के’नं सुरू होतात, तो सरकारी नियम. उरलेली तीन अक्षरं एकत्र वाचा: युक. युपिकमध्ये युक म्हणजे माणूस. ज्यांनी हे नाव मागून घेतलं त्यांना काय हवं होतं, ते या तीन अक्षरांत आलं. मूलनिवासींनी स्वतःच्या मालकीचं सार्वजनिक केंद्र चालवायचं, ही गोष्ट अमेरिकेत तेव्हा झालेली नव्हती म्हटलं तरी चालेल.

पाऊल पुढे टाका. जानेवारी 1972, तेच स्वयंपाकघर. बाहेर उणे तीस. दुपार अजून पुरती झालेली नाही तोच अंधारून येतंय. घरात माणसं जमली आहेत, कारण रेडिओवर जमिनीबद्दल सांगणार आहेत.

महिन्यापूर्वी, 18 डिसेंबर 1971 रोजी, अलास्काच्या मूलनिवासींच्या जमीन-दाव्यांचा कायदा झाला. त्यांना 4 कोटी 40 लाख एकर जमीन मिळणार आणि 96 कोटी 25 लाख डॉलर. उरलेल्या साऱ्या अलास्कावरचा वडिलोपार्जित हक्क मात्र संपला. ही जमीन माणसांच्या किंवा जमातीच्या नावावर होणार नव्हती. गावोगाव कंपन्या निघणार, त्याच दिवसापर्यंत जन्मलेला प्रत्येक जण त्यांचा भागधारक होणार, त्यासाठी नाव नोंदवायचं. आता आजीला ‘भागधारक’ कसं समजवाल? बेरी कुठल्या टेकाडाला लागतात, सील कधी येतात, हे जिला ठाऊक आहे तिला सांगायचं की हे टेकाड आता एका कंपनीचं आणि त्या कंपनीचे शंभर हिस्से तुझे. त्यासाठी युपिकमध्ये शब्दच नाही. निवेदक एक वाक्य इंग्रजीतून घेतो आणि युपिकमध्ये त्याची दहा वाक्यं करतो. कुणी खोकत नाही. मला विचाराल तर या केंद्राची खरी परीक्षा तिथं झाली. इतका मोठा व्यवहार कागदावर इंग्रजीतून झाला होता, आणि ज्यांच्याशी झाला त्यांना तो त्यांच्या बोलीत उलगडून सांगायला जवळ कुणी असणं, ही साधी गोष्ट तोवर मिळत नव्हती.

थोडं थांबा, अजून निघू नका. आता निरोप आहेत.

गावात फोन नाही. आरोग्यसेविकेकडे बिनतारी संच आहे, त्यावर ठरल्या वेळी बेथेलच्या रुग्णालयातले डॉक्टर बोलतात, तेवढंच. मग बेथेलला नेलेल्या माणसाची खबर घरी पोचवायची कशी? रेडिओवरून. शस्त्रक्रिया झाली, बरी आहे. विमान उद्या, हवा बरी असली तर. अमक्याच्या भावानं बंदुकीची काडतुसं पाठवली आहेत, धावपट्टीवर माणूस पाठवा. निरोप एका घरासाठी असतो, पण ऐकतं सगळं खोरं. कुणाचं मूल पायाळू जन्मलं, कुणाचे दात काढले, सगळ्यांना कळतं. आपल्याला हे उघडंवाघडं वाटेल. पण पाहा, टेबलाभोवतीची माणसं प्रत्येक नाव ऐकून मान हलवतात. त्या नावाशी त्यांचं नातं असतं, किंवा नात्यातल्या कुणाचं तरी असतंच.

असे निरोप अलास्काभर वाचले जायचे. नॉर्थ पोल नावाच्या गावातल्या केंद्राच्या कार्यक्रमाचं नाव ‘ट्रॅपलाइन चॅटर’, म्हणजे फासेपारध्यांच्या वाटेवरच्या गप्पा. ग्लेनॅलनच्या केंद्राचा ‘कॅरिबू क्लॅटर्स’. जंगलात एकटा राहणारा माणूस संध्याकाळी ठरल्या वेळी रेडिओपाशी बसायचा, आपलं नाव येतं का बघायला.

1975 साली राज्याच्या विधिमंडळानं गावोगाव उपग्रहाची छोटी स्थानकं उभारायला 50 लाख डॉलर मंजूर केले, आणि पुढच्या काही वर्षांत छोट्या छोट्या गावांतही निदान एक फोन आला. पुष्कळांना वाटलं असेल, आता रेडिओचं काम सरलं. झालं उलटंच. फोन आला आणि लोक केंद्राला फोन करू लागले.

म्हणून आता ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याही मे महिन्यात या. या वेळी किपनुकमध्ये नको, बेथेलमध्ये, केंद्राच्या इमारतीत. खिडकीबाहेर कुस्कोक्विम आहे, हजार किलोमीटरहून लांब नदी, आणि ती अजून पांढरी आहे. सगळ्या खोऱ्याचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलंय: बर्फ कधी फुटणार. वरच्या अंगाला बर्फ मोकळा होऊन खाली येऊ लागतो, एखाद्या वळणावर त्याचे तट अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि गाव बुडतं. तो अडथळा फुटला की खालच्या गावाची पाळी. बेथेलकर बर्फ नेमका कुठल्या मिनिटाला हलेल यावर पैजा लावतात, पण त्या पैजेच्या पोटात भीतीही असते.

फोन घणघणतो. अनियाकहून कुणी सांगतं, बर्फ सरकला. मग कालस्काग. मग तुलुकसाक, आकियाक, क्वेथलुक. प्रत्येक माणूस आपल्या दारातून दिसतं तेवढंच सांगतो, पाणी कुठल्या खुंटापर्यंत आलं, आवाज कसा येतोय. म्हातारी माणसं जुन्या वर्षांशी ताडून बघतात. निवेदक फक्त दुवे जोडतो. बातमी नदीच्या दोन पावलं पुढे खाली उतरत जाते. किपनुक कुस्कोक्विमवर नाही, तरी तिथंही रेडिओ चालू असतो, कारण कुणाची तरी बहीण क्वेथलुकला दिली आहे. बातमीदारीबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण नदीकाठच्या माणसांनी आपल्याच खालच्या गावासाठी दिलेल्या या बातमीहून चोख बातमी मला माहीत नाही.

काचेपलीकडे बसलेला माणूस जॉन अॅक्टिव्ह असू शकेल. त्याला आजीनं वाढवलं. मॅगी लिंड तिचं नाव, गोष्टी सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्याकडून जॉननं जी युपिक उचलली, तीच त्यानं बातम्यांत वापरली. वॉशिंग्टनच्या बातम्या तो युपिकमध्ये करायचा, आणि देशभरच्या सार्वजनिक रेडिओवर आपल्या लोकांबद्दल इंग्रजीत बोलायचा. दोन्ही दिशांनी ये-जा करणारी अशी माणसं थोडी असतात. 2018 साली तो गेला.

मधली वर्षं भराभर ओलांडू या. दर जानेवारीत ‘कुस्को 300’ची शर्यत, 1980पासूनची, कुत्र्यांच्या गाड्या बेथेलहून अनियाकपर्यंत जाऊन परततात आणि रेडिओ रात्रभर जागा राहतो. पुढे सॅमन मासा कमी होत गेला. 2012 साली मासेमारीवर बंदी आली, काही जणांनी ती मोडून जाळी टाकली, त्यांच्यावर खटले झाले. तेव्हापासून उन्हाळ्यात लोक रेडिओला कान लावून बसतात ते एका घोषणेसाठी: नदी जाळ्यांसाठी किती तास उघडणार, कुठल्या पट्ट्यात, केवढ्या घरांची जाळी चालतील. त्या तासांत जे पकडून पुढे सुकवून, धुरी देऊन ठेवता आलं, त्यावर हिवाळा निघतो. घोषणा चुकली तर मासा चुकला.

आणि आता जुलै 2025. वॉशिंग्टन, सिनेटचं सभागृह. देशभरच्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला मिळणारे पुढच्या दोन वर्षांचे 110 कोटी डॉलर परत घेण्याचं विधेयक चर्चेला आहे. 16 तारखेला चर्चा चालू असतानाच अलास्काच्या दक्षिणेला समुद्रात 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला. सँड पॉइंट गावातल्या चिमुकल्या सार्वजनिक केंद्रानं त्सुनामीचा इशारा देत राहण्याचं काम केलं. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी त्याच दिवशी हा दाखला पुढे केला आणि विधेयकाविरुद्ध मत दिलं. मध्यरात्रीनंतर विधेयक 51 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झालं. के-वाय-यू-केच्या खर्चाचा सुमारे 70 टक्के भाग याच पैशातून यायचा. मोठ्या शहरातल्या केंद्राला श्रोते वर्गणी देतात, दुकानं प्रायोजक होतात. किपनुकच्या आजीनं काय द्यावं? म्हणून तर 1967 साली ही सार्वजनिक तजवीज झाली होती.

नवं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू झालं, पैशाविना. पुढे अकरा दिवस.

किपनुकला परत या. 12 ऑक्टोबर 2025ची पहाट. हालाँग नावाचं तुफान जपानकडून सुटून, शेपूट झाडत बेरिंग समुद्रात आलंय. वारा घराच्या खिळ्यांतून शिटी घालतो. फळ्यांची वाट दिसत नाही, सगळीकडे पाणी. आणि मग घर हलतं. पायाचे खांब सोडून तरंगू लागतं, आत माणसं असताना. शेजारच्या क्विगिलिंगोकमध्येही तेच चाललंय. तिथं एक स्त्री मृत सापडेल आणि दोघांचा पत्ता लागणार नाही. उजाडताना माणसं शाळेत गोळा होतात, कारण शाळा तेवढी उंच आणि भक्कम.

त्या दिवसांत बेथेलमधली मोजकी माणसं माईकपाशी आहेत. इंग्रजीत आणि युपिकमध्ये. कुठल्या गावातून कोण सुटलं, कुठं जायचं, विमान कधी. बघा, 1972 सालचेच निरोप आहेत हे. नावं बदलली, बोली तीच.

दीड हजारांहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. शेकडो जणांना लष्करी विमानांत बसवून अँकरेजला नेलं, बेथेलहून साडेसहाशे किलोमीटर पूर्वेला. मोठ्या सभागृहात रांगेनं खाटा मांडल्या आहेत. तुम्ही एका खाटेपाशी उभे आहात. त्यावरची म्हातारी 1971 साली त्या टेबलाखाली खेळणारी पोर होती. तिच्यासोबत रेडिओ आहे. पण इथं 640 लागत नाही, शेजारच्या 650 वर शहरातलं बलाढ्य केंद्र बोलत असतं. नातीनं फोनवर इंटरनेटवरून केंद्र लावून दिलंय. फोन उशाशी, आवाज बारीक. युपिकमध्ये कुणीतरी हवामान सांगतंय, किपनुकचं हवामान, जिथं या घडीला राहायला जवळजवळ कुणीच नाही. ती ते शेवटपर्यंत ऐकते.

या केंद्राचे पैसे काढून घेणं चूक होती. ते परत दिले पाहिजेत.