तेजी-मंदीची मर्यादा

बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते महाडास लागत आणि त्यांतील मीठ पोलादपुरावरून बैलांच्या पाठीवर घाट चढे, त्या काळी व्यापाऱ्याच्या हावेस एक नैसर्गिक मर्यादा होती. गलबतात मावेल आणि बैलास पेलेल तेवढाच सौदा. माल डोळ्यांसमोर असे. बुडाला तर तेही दिसे. मुंबईच्या कागदी सौद्यांस मात्र असा तळ नव्हता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरास तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. भाग हाती न घेताच पुढील तारखेचे सौदे होत, आणि एकाने किती सौदे करावेत ह्यास धरबंध नव्हता. युद्ध संपले, १ जुलै १८६५ ही वायद्याची तारीख उजाडली, तेव्हा विकणारे सर्व आणि घेणारा कोणी नाही! जुनी बँक ऑफ बाँबेही पुढे त्यातच बुडाली.

कापूसबाजारात ह्याहूनही सूक्ष्म खेळ होता. थोडा नजराणा देऊन ठरल्या भावाने माल घेण्याचा हक्क विकत घ्यायचा ती तेजी, विकण्याचा हक्क घ्यायचा ती मंदी. नजराणा देणारा ‘लावणारा’, स्वीकारणारा ‘खाणारा’. लावणाऱ्याचे नुकसान नजराण्यापुरते. खाणाऱ्याच्या नुकसानीस मात्र अंत नाही. आमच्या मते ह्या व्यवहाराचे सारे मर्म ह्याच विषमतेत आहे. मुंबई सरकारने १९३९ च्या कायद्याने कापसातील हे सौदे मना केले. १९५६ च्या कायद्याने भागांतीलही मना झाले. परंतु मनाईने हाव मरत नाही. ती वहीतून उठून तोंडी सौद्यात जाते आणि मग तिची मोजदादही राहत नाही.

१९९५ साली ती मनाई उठली आणि २००१ पासून हे सौदे ‘ऑप्शन’ ह्या नावाने उघड बाजारात होऊ लागले. आता मनाईच्या जागी मर्यादा आली. सेबीने २०२५ साली निर्देशांकाच्या ऑप्शनांत एका व्यक्तीची दिवसअखेरची निव्वळ मर्यादा १,५०० कोटी रुपये ठरविली. ही मर्यादा खात्यास नसून माणसास आहे: तीन दलालांकडे तीन खाती उघडली तरी पॅन क्रमांक एक, म्हणून बेरीजही एक. दलालाच्या सर्व ग्राहकांच्या सौद्यांस निराळी एकत्रित मर्यादा आहे. १८६५ साली हेच नव्हते.

तथापि १,५०० कोटींचे कुंपण बाजारास मोठ्या धेंडांपासून वाचविते. महाड-पोलादपुराच्या गृहस्थास ते कधी दिसणारही नाही. ‘खाते मी चालवितो, तुम्ही फक्त पैसे भरा’ असे कोणी सांगतो, तेथे खरा प्रश्न निराळाच असतो. दुसऱ्याच्या पैशावर स्वमतीने सौदे करण्यास गुंतवणूक-व्यवस्थापकाची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे अशा ग्राहकाची रक्कम निदान ५० लाख रुपये असावी लागते. ह्याहून थोडक्यात खाते हाती घेणारा नियमाबाहेरच उभा असतो. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मागील तीन वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे आढळले. दलाली मात्र प्रत्येक सौद्यावर मिळते आणि तोटा मांडला जातो तो खातेदाराच्याच नावे.