खिशातली तबकडी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खिशात मावणारी हार्ड डिस्क घ्यायला माणूस दुकानात जातो तेव्हा दोनच प्रश्न विचारतो. ‘किती टीबीची?’ आणि ‘कितीला?’ दुकानदारही या दोन प्रश्नांची उत्तरं पाठ करूनच बसलेला असतो. ही वस्तू मुळात कशासाठी घडवली गेली, हे मात्र कुणी विचारत नाही. हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि माझ्या मते डिस्क कशी निवडावी याचं उत्तरही तिथेच सापडतं.

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीनं ‘रॅमॅक’ नावाचं यंत्र जाहीर केलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते तयार केलं होतं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर फिरत. वजन टनापेक्षा जास्त आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आजच्या मोबाइलमधले एक-दोन फोटो ठेवले की भरलं! भाडं महिन्याला ३२०० डॉलर. तबकडीवर लोहाच्या ऑक्साइडचा रंग चढवायचा, तर फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ तो ओतत आणि फिरण्याच्या जोरानं तो कडेपर्यंत पसरे. गुठळ्या राहू नयेत म्हणून रंग बायकांच्या तलम पायमोज्यातून गाळून घेत. आपल्या वैद्यांचं वस्त्रगाळ चूर्ण आठवावं.

हा खटाटोप कशासाठी? त्याआधी कंपन्यांचे हिशेब भोकं पाडलेल्या कार्डांवर आणि चुंबकीय फितींवर असत. फितीवरची मधली नोंद हवी तर आधीची सगळी फीत गुंडाळावी लागे. कॅसेटवरचं तिसरं गाणं शोधण्यासाठी ज्यांनी बटणं दाबली आहेत त्यांना हे सांगायला नको. तबकडीवर मात्र यंत्राचा हात थेट हव्या त्या जागी जातो. म्हणजे तबकडी जन्माला आली ती झटपट शोधण्यासाठी. पन्नास वर्षं जपून ठेवणं हे तिचं काम नव्हतंच. आजही मोठी माहितीकेंद्रं दीर्घकाळ ठेवायचा मजकूर फितीवर ठेवतात. तबकडीला कपाटातली पेटी केलं ते आपण.

तबकडी हातात घेऊन चालता येऊ लागली ती १९६२ साली. आयबीएमच्या १३११ या यंत्रातून सहा तबकड्यांचा गठ्ठा काढून दुसरीकडे नेता येई. वजन साडेचार किलोच्या आसपास, वर केकवर असतं तसं झाकण. गठ्ठा बाहेर काढला की धुळीची भीती आलीच. म्हणून १९७३ च्या ‘विंचेस्टर’ यंत्रात तबकडी आणि तिच्यावरून फिरणारी वाचक-सुई एकाच बंद पेटीत ठेवली. १९८० मध्ये सीगेटनं पाच एमबीची सव्वापाच इंची डिस्क काढली. रॅमॅकचं अख्खं कपाट विटेएवढं झालं. पुढे १९८८ साली आल्बेअर फेर्त आणि पेटर ग्रूनबेर्ग यांनी स्वतंत्रपणे एक चुंबकीय परिणाम शोधला. त्यामुळे अतिशय बारीक खुणा वाचता येऊ लागल्या. १९९७ पासून तो डिस्कमध्ये वापरात आला आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. २००० साली यूएसबीची दुसरी आवृत्ती आली, एकाच वायरीतून वीज आणि वेगानं मजकूर जाऊ लागला, आणि डिस्क खिशात आली.

पण आतली रचना विंचेस्टरचीच राहिली. तुम्ही ‘सुई’ म्हणा, पण ती टेकत नाही, हवेच्या थरावर तरंगते. आज हे अंतर काही नॅनोमीटर आहे, आणि माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. चालू डिस्क टेबलावरून पडली तर काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

माझा या विषयाशी संबंध कवितेमुळे नाही, ओव्यांमुळे आला. आमच्या भागातल्या मुसलमान बायकांनी जात्यावर मराठीत म्हटलेल्या ओव्यांच्या कॅसेट माझ्याकडे आहेत. म्हणणाऱ्या बहुतेकजणी आता नाहीत आणि त्या ओव्या कुठल्या पुस्तकात आलेल्या नाहीत. सारं मिळून ४० तास. सीडीच्या दर्जाचं मुद्रण ठेवलं तरी २५ जीबीच्या आसपास बसतं. मग चार टीबीची एक डिस्क घेऊन काय करायचं? एक टीबीच्या दोन घ्याव्यात, हे माझं ठाम मत आहे.

ही अक्कल संगणकानं शिकवलेली नाही. परंपरा सांगते की यमामाच्या लढाईत कुराण कंठस्थ असलेले अनेकजण पडले, तेव्हा ते एकत्र लिहून काढण्याची निकड वाटली. पुढे इ.स. ६५० च्या सुमारास खलिफा उस्मान यांनी प्रमाण प्रती करवून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. प्रती किती, यावर मतभेद आहेत. पण त्या एका शहरात ठेवल्या नाहीत.

उलट उदाहरण अमेरिकेतलं. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेनं बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रती काढल्या पाहा, तर ती व्यवस्था कधीची बिघडलेली आणि कुणाला पत्ताच नाही! गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंना बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत, आणि घरच्या संगणकावर त्यांनी एक प्रत नेली होती. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून मोटारीतून जपत आणला, तेव्हा काम वाचलं. बाळंतिणीच्या घरची प्रत होती म्हणून बरं.

आता खरेदी. कंपनीवरून फार वाद घालू नये. ऐंशीच्या दशकात डझनावारी कंपन्या हार्ड डिस्क करत. आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच उरल्या आहेत. दोन डिस्क घेताना वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात, म्हणजे एका घाण्यातला दोष दोन्हीकडे येत नाही. आजच्या बऱ्याच छोट्या डिस्कमध्ये खुणांच्या ओळी कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. मधलं कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात. त्यामुळे सतत बदलणाऱ्या कामाला त्या मंद वाटतात, पण एकदा भरून ठेवायला चांगल्या. १ टीबीची डिस्क संगणकावर ९३१ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

एसएसडी घ्यावी का, असं मला पुष्कळजण विचारतात. ती फ्लॅश स्मृतीवर चालते. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. फिरणारं काहीच नसल्यानं ती पडली तरी सहसा तगते. रोज पिशवीत घालून हिंडणाऱ्यांनी तीच घ्यावी. पण तिच्यातला मजकूर म्हणजे कोंडलेला विद्युतभार. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तो झिरपू शकतो. ठेवणीसाठी मी अजून फिरती तबकडीच घेतो.

दोन्ही डिस्कवर मी खरेदीचं साल कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलं आहे. एक माझ्याकडे असते, दुसरी सोलापूरला थोरल्या बहिणीकडे. ईदला तिकडे गेलो की दोन्ही जोडून थोड्या ओव्या ऐकतो, वर्षभरात वाढलेलं तिच्या डिस्कवर उतरवतो आणि अदलाबदल करून परत येतो.