पुनःप्रवेशाचा प्रश्न : वणी, सिलोन आणि आईवडिलांची भेट

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे काही महिने राहून येणारे आईवडील यवतमाळ जिल्ह्यात आता नवलाचे राहिलेले नाहीत. वणी, पुसद, दारव्हा येथील वृद्ध जोडपी नागपूरच्या कार्यालयातून पारपत्र मिळवतात, मुंबईच्या वकिलातीत व्हिसासाठी उभी राहतात आणि मुलाच्या किंवा मुलीच्या घरी एखादा ऋतू काढून परत येतात. या प्रवासाला वेढून असलेले नियम अलीकडच्या काळाची निर्मिती आहेत असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न बराच जुना आहे. आप्तांच्या भेटीसाठी सीमा ओलांडून गेलेल्या माणसाचा परत येण्याचा हक्क किती दिवस टिकतो, हा तो प्रश्न होय. हिंदी लोकांच्या बाबतीत तो अत्यंत कठोर रूपाने उपस्थित झाला सिलोनमध्ये. आणि त्या प्रकरणाशी यवतमाळ जिल्ह्याचा एक थेट संबंध आहे.

हा संबंध लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्या द्वारे येतो. अणे यांचा जन्म १८८० मध्ये वणी येथे झाला व त्यांनी वकिली केली ती यवतमाळास. १९३० च्या जंगल सत्याग्रहातील त्यांचे नेतृत्व आणि १९२८ च्या ग्वाल्हेर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या गोष्टी विदर्भात सर्वश्रुत आहेत. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते आले, फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रसंगी त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले. तेथे ते १९४७ पर्यंत होते. चरित्रपर लेखनात हा काळ बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. तो तेवढ्यात आटोपण्यासारखा नाही.

या नियुक्तीत एक विसंगती होती, तिची नोंद येथे केली पाहिजे. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असला, तरी त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व १९०२ च्या कायम पट्ट्याने व १९३६ च्या कराराने कागदोपत्री मान्य केलेले होते. कायद्याच्या काटेकोर अर्थाने वऱ्हाड हा 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हता. म्हणूनच मध्यवर्ती विधिमंडळासाठी वऱ्हाडातील मतदार प्रतिनिधी निवडून देत, परंतु सभागृहात त्याची गणना 'नेमलेला सभासद' अशी होई. अणे यांनी वऱ्हाडचे प्रतिनिधित्व केले ते याच रीतीने. म्हणजे ज्याच्या स्वतःच्या भूमीचे स्थान कायद्याने धूसर ठेवले होते, त्याच माणसाकडे परभूमीवरील हिंदी लोकांचे स्थान निश्चित करून घेण्याचे काम आले.

सिलोनमधील हिंदी लोकांत बहुसंख्य होते ते चहा व रबराच्या मळ्यांवरील तमिळ मजूर. मंडपम येथील तळावर नोंद व तपासणी होऊन धनुष्कोडीहून तलैमन्नारला बोटीने जाणे हा त्यांचा नेहमीचा मार्ग. अंतर थोडे, त्यामुळे ये-जाही सतत चाले. लग्नकार्य, देवाचा नवस, आईवडिलांचे आजारपण, शेताच्या तुकड्याची वाटणी ही कारणे वऱ्हाडी वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९२० च्या हिंदी पारपत्र कायद्यानंतर सीमा ओलांडणे ही कागदाची बाब झाली होती खरी, परंतु मजुरांच्या बाबतीत खरा अडसर पुढे १९३९ मध्ये आला. सिलोन सरकारने आपल्या खात्यांतील रोजंदारीवरच्या हिंदी कामगारांना कमी करण्यास प्रारंभ केला, आणि हिंदुस्थान सरकारने प्रत्युत्तरादाखल त्या वर्षीच्या ऑगस्टपासून अकुशल मजुरांच्या सिलोनला जाण्यावर बंदी घातली. हेतू मजुरांच्या हितरक्षणाचा होता. तथापि तिची झळ नव्याने जाऊ पाहणाऱ्याप्रमाणेच, वीस वर्षे मळ्यावर काढून चार दिवस गावी आलेल्या जुन्या मजुरालाही लागली, आणि युद्धकाळात ती शिथिल करावी लागली. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकल्यानंतर कित्येक कुटुंबे भीतीने हिंदुस्थानात आली होती. त्यांच्या परतण्याचा प्रश्न यात आणखी मिसळला.

अणे सिलोनमध्ये असतानाच लॉर्ड सोलबरी यांच्या अध्यक्षतेखालील आयोग डिसेंबर १९४४ मध्ये तेथे दाखल झाला. बेटाची नवी राज्यघटना सुचवताना कोणती विधेयके ब्रिटिश राजाच्या संमतीसाठी राखून ठेवावीत याचा विचार आयोगाने केला. बाहेरून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारी विधेयके त्याने या राखीव वर्गातून वगळली, पण एक अट घातली: विधेयक संमत होण्याच्या दिवशी जे बेटाचे 'नेहमीचे रहिवासी' असतील, त्यांच्या पुनःप्रवेशाला त्या कायद्याने प्रतिबंध होता कामा नये. लाखो माणसांचे भवितव्य येथे एका विशेषणावर येऊन टेकले. 'नेहमीचा' म्हणजे कोणता? सामान्य व्यवहारात हा शब्द सवय दाखवतो, मोजमाप दाखवत नाही. नेहमीचे गिऱ्हाईक दोन महिने फिरकले नाही तरी ते नेहमीचेच राहते. कायद्याला मात्र मोजमापावाचून चालत नाही, आणि ते मोजमाप आयोगाने दिलेले नव्हते. शिवाय ४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाल्यावर विधेयक राखून ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि त्यावर टेकलेली अटही निराधार झाली.

मोजमाप आले ते यानंतरच्या तीन कायद्यांतून. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने जन्माने नागरिक ठरण्यासाठी वडिलांचा जन्म सिलोनमधील असणे आवश्यक केले. मूल स्वतः बेटाबाहेर जन्मलेले असल्यास बापाबरोबर आजोबांचाही जन्म तेथील हवा. पहिल्या बाळंतपणासाठी लेकीने माहेरी जाण्याची चाल तमिळ समाजात आपल्याइतकीच रूढ आहे. त्या काही महिन्यांच्या माहेरपणात समुद्रापलीकडच्या गावी जन्मलेल्या मुलाला अशा रीतीने एका पिढीचा पुरावा अधिक द्यावा लागे. जन्मनोंदीच विरळ असलेल्या समाजात हा पुरावा आणावा कोठून, हे कायदा सांगत नव्हता. त्याच वर्षी प्रवेश व निर्गमन यांचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा झाला. त्यानंतर १९४९ मध्ये हिंदी व पाकिस्तानी रहिवाशांच्या नागरिकत्वाचा कायदा आला. त्यात १ जानेवारी १९४६ पूर्वी विवाहितांसाठी सात व अविवाहितांसाठी दहा वर्षांचा अखंड निवास मागितला होता. एका खेपेस बारा महिन्यांपर्यंतची गैरहजेरी चालत असे. त्याहून अधिक झाल्यास निवास खंडित. नेहमीपणाचे रूपांतर अशा प्रकारे बारा महिन्यांत झाले.

सिलोनच्या राजकारणात त्या काळी एक युक्तिवाद वारंवार केला जाई. हे लोक गावी पैसे पाठवतात, गावी जाऊन येतात, अर्थी त्यांचे मन येथे नाही. या युक्तिवादाचा दोष उघड आहे. आईबापांना भेटणे हा निवासस्थानाविषयीचा निर्णय नव्हे; ते नात्याचे कर्तव्य आहे, आणि जो कायमचा दूर राहावयास गेला त्यालाच ते प्रवास करून पार पाडावे लागते. भेटीला जावे लागते हीच गोष्ट वस्तुतः स्थायिक झाल्याची खूण मानता आली असती. तसे घडले नाही. ऑगस्ट १९५१ च्या मुदतीपर्यंत सुमारे ८ लाख लोकांच्या वतीने अर्ज दाखल झाले. नागरिकत्व मिळाले ते सव्वा लाखाहून थोड्या अधिकांना. शेवटी ३० ऑक्टोबर १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ कराराने ९,७५,००० माणसांची वाटणी ठरली. ५,२५,००० भारताने घ्यावयाची, ३,००,००० सिलोनने, आणि उरलेल्या १,५०,००० विषयी पुढे पाहावयाचे. अणे त्या वेळी नागपूरचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेत होते, वय ८४.

यानंतरच्या काळात महाराष्ट्रातून परदेशी गेलेला वर्ग निराळा होता, आणि भेटीची दिशाही बदलली. मुलाने रजा काढून गावी येण्याबरोबरच आईवडिलांनी मुलाकडे जाणे सुरू झाले. १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना वर्षाकाठी १०० जागा देणाऱ्या अमेरिकेने १९६५ मध्ये आपले धोरण पालटले, आणि प्रौढ नागरिकाच्या आईवडिलांना संख्येच्या मर्यादेतून मोकळे केले. त्यामुळे वृद्धांपुढे दोन वाटा आल्या: अभ्यागत म्हणून जाणे, किंवा कायम रहिवासी होणे.

'अभ्यागत' हा शब्द येथे विचार करण्याजोगा आहे. मराठीतील 'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघुण' वरून प्राकृताच्या मार्गाने आला. तो बाहेरून येणाऱ्याचा वाचक आहे. लेकाच्या घरी आलेल्या आईला मराठी माणूस पाहुणी म्हणणार नाही. कायदा मात्र तिला तेवढेच म्हणतो. दुसरा घोटाळा 'मुदत' या शब्दाचा. अमेरिकेचा भेटीचा व्हिसा भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो, परंतु ती मुदत प्रवेशद्वाराशी येण्याची. आत राहण्याची मुदत तेथील अधिकारी प्रत्येक खेपेस ठरवतो व ती सामान्यतः सहा महिन्यांची असते. मराठीत दोहोंना एकच शब्द असल्यामुळे पहिलीवर विसंबून दुसरी ओलांडण्याचा धोका असतो, आणि ओलांडल्यास तो दहा वर्षांचा व्हिसाही रद्द होतो. कॅनडाने डिसेंबर २०११ पासून आईवडिलांसाठी वेगळा दीर्घ मुदतीचा व्हिसा सुरू केला. त्यावर २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षे राहता येते, मात्र मुलाच्या उत्पन्नाचा दाखला व वैद्यकीय विमा लागतो.

भेटीची वाट अकस्मात बंद झाली म्हणजे काय होते हे २०२० मध्ये दिसले. भारतातील आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने २२ मार्चपासून थांबली. मुलांकडे गेलेल्या वृद्धांचे सहा महिने तिकडे संपत आले. इकडे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलांजवळ भारताचे आजीव प्रवेशपत्र असूनही ते मार्चच्या मध्यापासून स्थगित झालेले होते. २२ मे च्या आदेशाने काही वर्गांना सवलत मिळाली. कुटुंबातील मृत्यूसारख्या कारणासाठी येऊ इच्छिणारे हा त्यांतला एक वर्ग होता. तोपर्यंत दोन महिने गेले होते.

दुसरी वाट, म्हणजे कायम रहिवासी होण्याची, वरकरणी अधिक निर्धास्त वाटते. परंतु सिलोनचे बारा महिने येथे पुन्हा भेटतात. कायम रहिवाशाचे पत्र परतीसाठी चालते ते गैरहजेरी एक वर्षाच्या आत असेल तर. १८० दिवसांपलीकडेच तो नव्याने प्रवेश मागणारा समजला जाऊ शकतो. अधिक काळ बाहेर राहावयाचे असल्यास पुनःप्रवेशाचा परवाना काढावा लागतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, वाढवून मिळत नाही, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. कापसाचा हिशेब, घराची डागडुजी किंवा एखादे लग्न एवढ्यासाठी वणीला आलेला वृद्ध येथे आजारी पडून वर्षाहून अधिक काळ राहिला, तर हा परवाना त्याला येथून मागता येत नाही. त्याला मुंबईच्या वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागावा लागतो, आणि त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: निघताना परत जाण्याचा आपला हेतू होता, आणि आपल्या गावातले हे राहणे आपल्या इच्छेबाहेरच्या कारणाने लांबले.